विल्यम केरी व त्यांची गर्वाशी झुंज

विल्यम केरी ह्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. शब्बाथ शाळेत मुलांस त्यांची गोष्ट सांगतात ती साधारणपणे अशी की, एक गरीब मुलगा जोडे शिवता शिवता निरनिराळ्या भाषा शिकला, मग हिंदुस्थानात आला, आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी मिळून सुमारे चाळीस भाषांत पवित्र शास्त्र किंवा त्याचे भाग छापले. ही गोष्ट खरी आहे. पण एवढीच सांगितली म्हणजे मुलाच्या मनावर इतकेच ठसते की, जो हुशार व कष्टाळू तो मोठा होतो. हे तर जगही शिकविते. त्यासाठी शब्बाथ शाळा कशाला पाहिजे? केरींच्या चरित्रात ह्याहून निराळी एक गोष्ट आहे, व ती त्यांनी स्वतः लपवून ठेविली नाही. त्यांचा स्वभाव मूळचा गर्विष्ठ होता. आणि तो गर्व एकदाच मरून गेला असेही झाले नाही, तर दर खेपेस नवे सोंग घेऊन तो त्यांच्या दाराशी येत राहिला.

त्यांचा जन्म इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. बाप हातमागावर कापड विणी. पुढे तो गावच्या शाळेचा मास्तर व तेथील देवळाचा कारकून झाला. उन्हात काम केले की मुलाच्या अंगाची आग होई, म्हणून शेतकाम सुटले, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार ठेविले. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. तो सरकारी मंडळीबाहेरच्या पंथाचा, आणि केरीला अशा लोकांचा मोठा तिटकारा. कारण आपला बाप सरकारी देवळाचा कारकून! दोघे काम करता करता वाद घालीत. केरीची जीभ तिखट, वाचनही अधिक, त्यामुळे शेवटचा शब्द नेहमी त्याचा असे. पुढे पुष्कळ वर्षांनी त्यांनी लिहून ठेविले आहे की, तोंडाने आपण जिंकत असू, परंतु रात्री मनाला टोचणी लागे की, खरे त्याचेच आहे.

अशा मुलाला देवाने कसे खाली आणिले ते पाहा. नाताळात उमेदवार पोरांनी गावातील व्यापाऱ्यांकडे जावे व त्यांनी पोरांस काही खुशाली द्यावी अशी तिकडे चाल होती. एका लोखंडी सामान विकणाऱ्याने केरीपुढे सहा पेन्सांचे नाणे व एक शिलिंग अशी दोन नाणी धरिली व हवे ते घे म्हणाला. मुलाने अर्थातच मोठे नाणे उचलिले. बाजारात ते खर्चावयास गेला तेव्हा कळले की, ते पितळेचे, खोटे! त्याच्याजवळ धन्याचेही पैसे होते. त्याने आपले खोटे नाणे त्यांत सरकवून खरे काढून घेतले, आणि हे नाणे धन्याच्याच पैशांत होते असे सांगावयाचे ठरविले. घरी येताना वाटेत त्याने देवाची प्रार्थना केली. ती प्रार्थना अशी की, एवढी एक लबाडी पचू दे, म्हणजे पुढे मी सर्व वाईट सोडून देईन.

अशी प्रार्थना आपणांपैकी कोणी केली नाही काय? मी केली आहे. देवाने केरीची ती ऐकिली नाही. धन्याने चौकशीला माणूस पाठविला, व्यापाऱ्याने नाणे आपण दिल्याचे कबूल केले, आणि वादात कधी न हरणारा मुलगा सर्वांदेखत चोर व लबाड ठरला. कित्येक दिवस त्याला रस्त्यावर तोंड दाखविण्याची लाज वाटे; जो तो आपल्याचकडे पाहत आहे असे वाटे. ह्याच लाजेच्या वाटेने तो तारणाऱ्यापाशी आला, व ज्या जॉन वॉरला तो तुच्छ मानी त्याच्याच प्रार्थनासभेत जाऊन बसू लागला.

पुढची काही वर्षे मी थोडक्यात सांगतो. १७८५ साली ऑल्नी येथील मंडळीपुढे त्यांनी परीक्षेचा उपदेश केला. तो मंडळीला पसंत पडला नाही, व आणखी काही काळ थांबावे असे त्यांस सांगण्यात आले. ते थांबले, आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. (आपल्याकडे एखाद्या उपदेशकाच्या उपदेशाला कोणी नाव ठेविले तर तो दुसऱ्या रविवारी देवळाची पायरी चढत नाही.) मोल्टन गावची मंडळी इतकी गरीब होती की, पाळकपण, शाळा व जोडे शिवणे ही तिन्ही कामे एकदम करावी तेव्हा घर चाले. १७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग येथे मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि १७९३ च्या जून महिन्यात केरी एका डेन्मार्कच्या जहाजाने निघून त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यास उतरले.

येथे एक कष्टाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांची पत्नी डॉरथी ही निरक्षर बाई. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली काढली होती. तिला परदेशी जावयाचे नव्हते. पहिल्याने तिने साफ नाकारिले, व केरी थोरल्या मुलास घेऊन तिच्याशिवाय निघालेही. जहाज चुकल्यामुळे थांबावे लागले, तेव्हा पुन्हा आग्रह झाला व ती बहिणीस सोबत घेऊन आली. १७९४ साली मुदनाबाटी येथे त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. बाटण्याच्या भीतीने शव उचलण्यास कोणी तयार होईना. मोठ्या मिनतवारीने माणसे मिळाली. त्यानंतर डॉरथीचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, आणि १८०७ साली मरण येईपर्यंत तिने फार यातना भोगिल्या. ह्या कामी केरींना सर्वस्वी निर्दोष म्हणणे मला जमत नाही. देवाचे बोलावणे आपल्याला आले म्हणजे घरच्यांचे ऐकण्याची गरज उरली नाही असे मानण्यातही एक प्रकारचा ताठा असतो, व तो आम्हां पाळकांच्या घरांत फार असतो. इतके मात्र खरे की, तिच्या दुखण्यात त्यांनी तिला घरीच सांभाळिले. वेडाच्या भरात तिचा आरडाओरडा चालू असता शेजारच्या खोलीत ते भाषांतर करीत.

हिंदुस्थानात सात वर्षे झाली तरी एकही हिंदू मनुष्य त्यांच्या उपदेशाने बाप्तिस्म्यापर्यंत आला नाही. मुदनाबाटीस ते निळीच्या कारखान्याची देखरेख करीत, खेडोपाडी उपदेश करीत, व लोक ऐकून घरी जात. मग १८०० च्या आरंभी ते श्रीरामपुरास आले. तो गाव तेव्हा डेन्मार्क सरकारच्या ताब्यात होता. तेथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे सोबती मिळाले. त्याच वर्षी २८ डिसेंबरास कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा गंगेच्या पाण्यात झाला. ह्या माणसाचा खांदा निखळला होता, तो डॉक्टर थॉमस ह्यांनी बसविला, व त्या निमित्ताने तो वचन ऐकू लागला होता. म्हणजे सात वर्षांच्या उपदेशाचे पहिले फळ दुसऱ्याच्या हातून पदरात पडले.

श्रीरामपूरच्या ह्या कुटुंबाचे नियम आपल्या प्रत्येक मंडळीने लिहून ठेवावे असे आहेत. सर्वांची मिळकत एका पेटीत, जेवण एका मेजावर, आणि घराचा कारभार एकेका महिन्याच्या पाळीने एकेकाकडे. म्हणजे आज जो हुकूम करी तो पुढल्या महिन्यात दुसऱ्याचा हुकूम पाळी. उपदेश व प्रार्थनाही पाळीपाळीनेच. आणि शनिवारची संध्याकाळ आठवड्यातील तंटे व रुसवे मिटविण्यासाठी राखून ठेविलेली. सगळे एकत्र बसत, ज्याच्या मनात ज्याच्याविषयी काही असेल ते बोलून टाकीत, आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे पुन्हा वचन देत. रविवारची उपासना त्यानंतर. आपल्या गावी दोन घरांचे भांडण पाणवठ्यावरून किंवा लग्नातल्या मानपानावरून सुरू होते, आणि ती दोन्ही घरे दोन दोन वर्षे एकाच प्रभुभोजनाला येतात, एक घर डाव्या भिंतीशी व दुसरे उजव्या! मी पाळक असून हे चालू दिले आहे. पहिल्याने बोलावे कोणी, हाच तेथे प्रश्न असतो.

प्रभुभोजनावरून आठवले. १८०३ साली कृष्णप्रसाद नावाचा एक ब्राह्मण त्या मंडळीत आला. आता पंगतीत आधी कोण व मागून कोण हा प्रश्न उभा राहिला. मिशनरींनी ठरविले की, ह्या बाबतीत एका केसाइतकीही सूट द्यावयाची नाही. एकदा दिली तर मंडळीत जात कायमची शिरेल. म्हणून कृष्ण पाल सुताराने भाकर व प्याला आधी घेतला, आणि ब्राह्मणाने त्याच्या मागून. पुढे ह्याच कृष्णप्रसादाचे लग्न त्या सुताराच्या मुलीशी झाले, व संध्याकाळी केरी व त्यांचे सोबती कृष्णाच्या दारी पंगतीस बसून जेवले. येथे कोणाला नमावे लागले ते पाहा. सुताराला नव्हे.

१८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्यासाठी केरींस बोलाविले. आपली ह्या कामाची योग्यता नाही असे त्यांना वाटे. सोबत्यांशी विचार करूनच त्यांनी ते पत्करिले. पगार दरमहा ५०० रुपये, पुढे १,००० झाला. इतका पैसा त्या काळी हातात येणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तो जवळजवळ सर्व सामाईक पेटीत जाई. घरखर्चासाठी अगदी थोडी रक्कम ते ठेवीत, व कॉलेजात नीटनेटके कपडे घालून जावे लागे म्हणून त्यासाठी आणखी थोडी. संस्कृत व मराठी ह्याही भाषा त्यांच्याकडे आल्या. ज्याला एके काळी गावच्या लोकांनी चोर म्हटले, त्याला अमेरिकेतील एका विद्यापीठाने १८०७ साली डॉक्टर ही पदवी दिली.

ह्याच दिवसांतील एक आख्यायिका सर्वत्र सांगतात. गव्हर्नर जनरलसाहेबांच्या घरी मेजवानी होती व केरीही होते. एका लष्करी अंमलदाराने शेजाऱ्यास हळूच, पण ऐकू जाईल अशा रीतीने विचारिले की, हे डॉक्टर केरी पूर्वी जोडे करणारे होते ना? केरी पुढे झाले व शांतपणे म्हणाले की, नाही साहेब, जोडे करणारा देखील नव्हतो. फाटके जोडे सांधणारा होतो.

बंधूंनो, ह्या उत्तरापाशी मी थोडा थांबतो. मी धर्मशिक्षणाच्या शाळेत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारिले की, तुझे आजोबा काय करीत? मी सांगितले, शेती. आजोबांच्या नावावर हातभर जमीन नव्हती. ते गावची मेलेली ढोरे ओढीत, व त्यांनी आणलेल्या भाकरीवर माझा बाप वाढला. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे पाळक झाल्यावर मी व्यासपीठावरून हे उघड सांगू लागलो. लोक डोळे पुसत, व पाळकसाहेब किती नम्र आहेत असे म्हणत. हळूहळू माझ्या ध्यानात आले की, ते ऐकण्यासाठीच मी ही गोष्ट सांगतो! जी आधी लाजेने लपविली होती, तीच आता मिरवीत होतो. केरींनी विचारणाऱ्याला उत्तर दिले व ते आपल्या जागी गेले. लपविण्यासारखे काही नव्हते, आणि दाखविण्यासारखेही नव्हते.

आणखी एक गोष्ट येथेच बोलतो, कारण आपल्या लोकांत ह्याविषयी फार घोटाळा आहे. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या चपला हातात घेऊन, मान खाली घालून पाटलाच्या वाड्यापुढे उभे राहण्यात आयुष्य काढिले. कोणी उपदेशक जेव्हा आपल्याला नम्र व्हा म्हणून सांगतो, तेव्हा कित्येकांस वाटते की, हे पुन्हा तेच सांगतात. नाही. ती लाचारी होती, व ती आपल्यावर लादली होती. तिच्यात देवाचे काही नव्हते. केरींनी त्या अंमलदारापुढे मान खाली घातली नाही. जो देवापुढे गुडघे टेकतो त्याला माणसापुढे वाकण्याचे कारण राहत नाही, व माणसाला वाकविण्याचेही राहत नाही. उपदेशकबंधूंनो, हे दुसरे वाक्य आपल्यासाठी आहे. गावात गेल्यावर आपल्याला खुर्ची मिळाली आणि म्हातारी माणसे जमिनीवर बसली, तर आपण काय करितो?

आता आगीची गोष्ट. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यात कागदाच्या कोठीला आग लागली. मोठा छापखाना जळून गेला. कागदाची सुमारे बाराशे रीमे, चौदा पूर्वेकडील भाषांचे खिळे, आणि केरींच्या हस्तलिखितांतील पुष्कळ भाग भस्म झाला. त्यांत अनेक भाषांचा मिळून एक मोठा कोश होता, व पंजाबी आणि तेलुगू ह्यांची व्याकरणे होती. केरी त्या दिवशी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन ह्यांनी जाऊन त्यांस वर्तमान सांगितले. परत येऊन राखेत फिरताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. पुढच्या रविवारी त्यांनी ४६ व्या स्तोत्रावरून उपदेश केला, आणि विषय हा घेतला की, आपले जे आहे त्याची हवी तशी वाट लावण्याचा देवाला अधिकार आहे, व ते मान्य करणे हे आपले काम. मित्रांस त्यांनी लिहिले की, देवाने मला ह्यासाठी खाली पाडिले की मी साध्या मनाने त्याच्याकडे पाहावे. आणि एकदा चाललेली वाट दुसऱ्याने चालणे सोपे जाते, म्हणून पुन्हा आरंभ करितो. खिळे ओतण्याचे साचे राखेखाली सापडले होते. काही महिन्यांत छपाई पुन्हा जोराने चालू झाली.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. आगीच्या बातमीने इंग्लंडभर केरींचे नाव झाले. ज्यांनी कधी मिशनचे नावही घेतले नव्हते त्यांनी पैसे दिले, व दोन महिन्यांच्या आत सगळे नुकसान भरून निघाले. तेव्हा सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर ह्यांनी श्रीरामपुरास एक पत्र लिहिले, ते मला त्या सगळ्या पैशांहून मोलाचे वाटते. त्यांनी कळविले की, आगीने जितके भय नव्हते तितके ह्या स्तुतीने आहे. हा धूप जर आपण आपल्याच नाकाने हुंगू लागलो तर देव आपला आशीर्वाद आवरून घेईल. असा स्नेही प्रत्येक सेवकाला मिळो! केरींनी राग मानिला नाही. फुलर १८१५ साली वारले तेव्हा त्यांस फार दुःख झाले.

आपल्या मराठीशी केरींचा संबंध आला तो कॉलेजातील मराठीच्या कामामुळे. त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापिला. कोशातील मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत. नागपूरकडील वैजनाथ पंडितांनी ह्या कामी त्यांस मोठे साहाय्य केले, व त्यांचे ऋण केरींनी उघडपणे मानिले आहे. १८११ साली मराठी नवा करार श्रीरामपुरास छापून निघाला. परंतु १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनरींना असे दिसले की, त्याची भाषा इकडील लोकांस नीट रुचत नाही व उमजत नाही. त्यांनी आपले भाषांतर नव्याने केले. त्यांचा नवा करार १८२६ साली पुरा झाला. आज आपण देवळात जे मराठी शास्त्र वाचतो ते केरींचे नव्हे. इतक्या वर्षांचा घाम बाजूला ठेविला गेला. केरी स्वतः आपल्या भाषांतरांस पहिले प्रयत्न समजत. बंगाली नव्या कराराच्या त्यांनी पुन्हा पुन्हा तपासून आठ आवृत्त्या काढिल्या, कारण आपले चुकलेले आहे हे कबूल करणे त्यांना जड जात नसे. ज्याला आपले लिखाण दुसऱ्याने सुधारलेले खपते असा लेखक मी तरी क्वचितच पाहिला आहे.

तथापि ते सर्व ठिकाणी जिंकले असे म्हणू नये. फुलरांच्या मागून सोसायटीत नवे लोक आले. श्रीरामपूरच्या वाड्याची व पैशाची मालकी कोणाची, ह्यावरून कडाक्याचा वाद पेटला. हे लोक श्रीमंत झाले आहेत अशी कुजबुजही विलायतेत उठली. कलकत्त्याचे तरुण मिशनरी वेगळे झाले, त्यांत केरींचा पुतण्या होता. १८२७ साली सोसायटी व श्रीरामपूर ह्यांची फारकत झाली. ह्या काळातील केरींची काही पत्रे वाचताना दुखावलेला माणूस बोलत आहे हे स्पष्ट दिसते. पैशाच्या आरोपात काही तथ्य नव्हते, म्हणूनच तो अधिक लागला असावा. जो आळ खोटा असतो तो नम्र माणसालाही सोसत नाही.

म्हातारपणी त्यांचा एकच लाड होता, तो त्यांची बाग. देशोदेशींची झाडे त्यांनी तेथे लाविली होती. अंथरुणास खिळल्यावर ते मार्शमनांस हसतच म्हणत की, मी गेलो की तुम्ही माझ्या बागेत गाई सोडणार! शेवटच्या आजारात कलकत्त्याचे बिशपसाहेब त्यांचा आशीर्वाद मागावयास आले. तरुण स्कॉच मिशनरी अलेक्झांडर डफ भेटावयास आले असता डॉक्टर केरींच्या कामाविषयी बराच वेळ बोलत राहिले. निघताना केरींनी त्यांस परत बोलाविले आणि क्षीण स्वरात सांगितले की, आपण डॉक्टर केरी, डॉक्टर केरी असे बोलत होता. मी गेल्यावर डॉक्टर केरींविषयी काही बोलू नका, केरीच्या तारणाऱ्याविषयी बोला.

९ जून १८३४ रोजी सकाळी ते प्रभूकडे गेले. मृत्युपत्रात त्यांनी लिहिले होते की, मिशनच्या वाड्यावर आपला कसलाही हक्क नाही; आणि जाबेझ नावाच्या मुलास १,५०० रुपये द्यावयाचे आहेत ते आपली पुस्तके विकून द्यावे. दुसरी पत्नी शार्लट १८२१ साली वारली होती, तिच्या शेजारी आपल्यास पुरावे, व स्वतःसाठी नवा दगड करू नये असे त्यात होते. नाव, जन्माची व मरणाची तारीख, आणि वॉट्स ह्यांच्या एका गीतातील दोन ओळी, ज्यांत एक निराधार जीव देवाच्या हातांत पडतो, एवढेच तिच्याच दगडावर वर किंवा खाली जेथे जागा उरली असेल तेथे कोरावे, अधिक काही नाही, असे त्यांनी सांगून ठेविले होते. आणि श्रीरामपुरास तसेच कोरलेले आहे.